बारा एकर, दहा तोळे आणि अंगद सर

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात सासूकडं तोंड आहे, नवऱ्याकडं टेम्पो आहे, अन् डोकं फक्त माझ्याकडं आहे! म्हणून तर नवऱ्याचं कर्ज उघडं पडलं तेव्हा मी बिलकुल रडले न्हाई. म्हणजे रडले, पण भाकरी थापता थापता. वेळ वाया घालवला न्हाई.

कर्ज किती? तीन लाख ऐंशी हजार! आमचे हे, म्हणजे सुग्रीव, राजूरहून जालन्याच्या एमआयडीसीत रोज कामगारांची ने-आण करतात. टेम्पोचा हप्ता थकला म्हणून यांनी मोबाईलवरून कर्ज काढलं. ते फेडायला दुसरं ॲप. त्याच्या व्याजासाठी पतसंस्था. अन् पतसंस्थेचं तोंड बंद करायला शेजारच्या साहेबरावभाऊंकडून चाळीस हजार हातउसने!

"अहो, एक खड्डा बुजवायला दुसरा खांदून राह्यलते का तुम्ही?"

"तुला टेन्शन नको म्हणून सांगितलं न्हाई," हे म्हणाले.

घ्या! अन् वरून फायनान्सवाल्याचा निरोप: सोमवारपर्यंत काही ठरलं न्हाई तर टेम्पो ओढून नेणार. टेम्पो गेला की यांची कमाई गेली, अन् बियाण्याच्या प्लांटवरच्या माझ्या पगारात तर नुसता किराणाच भागतो.

प्लांटवरच्या दुर्गाबाईनं पत्ता दिला. जालन्यात कर्जात बुडालेल्यांसाठी एक सल्ला केंद्र आहे, फुकट. तिथले अंगद सर सगळ्या घेणेकऱ्यांशी बोलतात, झेपेल असा एकच हप्ता बांधून देतात अन् तोच सगळ्यांत वाटतात. मी यांना हाताला धरून घेऊन गेले. अंगद सर तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, आवाज एकदम मऊ. म्हणाले, "ताई, माझी एकच अट. शेती, सोनं, कमाई, खर्च, सगळं खरं सांगायचं. एक गोष्ट खोटी निघाली की कोणी सवलत देत नाही. शनिवारी तीनला घरी येऊन फॉर्म भरतो. घर तुमच्या सासूबाईंच्या नावावर आहे, त्यांची सही लागेल."

बाहेर आल्यावर यांनी माझ्यापुढं हात जोडले. "मोनिका, मायला सांगू नको. बाप गेल्यावर तिनं लोकाच्या वावरात निंदणं-खुरपणं करून मला वाढवलं. मी तिच्याकडं मान वर करून पाहू शकणार न्हाई." डोळे भरून आल्ते यांचे.

मंग मी डोकं चालवलं! शनिवारी दोनला सुटायचं, तीनच्या आत घरी, अन् कसली तरी सरकारी योजना आहे म्हणून सही घ्यायची. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, एवढंच सांगितलं, "शनिवारी एक साहेब येणार आहेत. घरची माहिती विचारतील. मी येईपर्यंत बसवून ठेवा अन् जरा नीट बोला."

आता यात काय चुकलं सांगा! चुकलं एवढंच, की आत्याबाईंनी माझ्या नणंदेसाठी धावड्याच्या चतुराबाईला स्थळ पाहायला सांगितलंय, हे मी विसरले. अन् आमच्याकडं पद्धत अशी, की पाहण्याच्या कार्यक्रमाआधी एखादा माणूस सहज आल्यासारखा येतो अन् घरदार पाहून जातो. त्याला खरं सांगतो तो येडा! दोन एकराचे चार होतात, शेळीची म्हैस होते. तिकडचेही तेच करतात, त्यामुळं सगळं बराबर होतं.

शनिवारी प्लांटचं मशीन अडकलं. मी निघाले अडीचला! काळीपिवळी जीपमध्ये बसले तर राजूरच्या अलीकडं टायर फुटलं. घरी फोन लावला.

नणंद म्हणाली, "वहिनी, ते आलेत! मी साडी नेसून राह्यले, मंग बोलते!"

साडी? कर्जाच्या फॉर्मला साडी कशाला? चप्पल हातात घेऊन पळाले मी!

घरात शिरले तर खाटेवर माझ्या लग्नातली गादी. गादीवर अंगद सर, मांडीवर फॉर्म, हातात पोह्यांची दुसरी प्लेट, कपाळावर घाम. समोर नणंद, अंगावर माझा शालू! अन् आत्याबाई रंगात आलेल्या.

"शेती बारा एकर म्हणालात ना मावशी?"

"बारा! समदं बागायत. मोसंबी हाय."

"सोनं?"

"दहा तोळे. पोरीच्या अंगावर घालायला काढूनच ठेवलंय. अन् पाव्हणं, तुमचा पगार किती म्हणायचा?"

अंगद सर गोंधळले. "माझा? एकोणीस हजार."

"जरा कमी हाय. पण चालंल!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी विचारलं, "वाहनं किती?" आत्याबाईंनी अंगणाकडं बोट केलं, "दोन टेम्पो!" त्यातला एक साहेबरावभाऊंचा. त्यांच्या दारात मावत न्हाई म्हणून आमच्या अंगणात उभा असतो. अन् नेमके तेव्हाच साहेबरावभाऊ माझ्या मागून आत आले. त्यांचे चाळीस हजार मागायला!

"सुग्रीव हाय का घरी?"

आत्याबाईंनी पापणीसुद्धा हलवली न्हाई. "हे आमचे डायवर! दुसऱ्या टेम्पोवर ठेवलेत. साहेबराव, पाव्हण्याला तांब्याभर पाणी आणा बरं जल्दी!"

"डायवर? मी?" साहेबरावभाऊंच्या मिशा थरथरल्या. "कडूबाई, तुझ्या पोराकडं माझे..."

"साहेबरावभाऊ, चहा घ्या!!" मी अशी किंचाळले, की अंगद सरांच्या हातातली प्लेट पडली अन् पोहे फॉर्मवर सांडले.

सरांनी शेंगदाणे वेचत वेचत मला बाजूला बोलावलं. "ताई, तुम्ही केंद्रात सांगितलं एक, मावशी सांगतात दुसरंच. अन् त्यांची सहीसुद्धा झालीय. बारा एकर बागायतवाल्याला कोण सवलत देणार? आता त्यांनी स्वतः खरं सांगितलं अन् पुन्हा सही केली, तरच फॉर्म बदलता येईल. आजच्या आज. सोमवारी माझ्या हातात काही राहणार नाही."

खरं सांगावं तर यांची मान खाली जाते, न्हाई सांगावं तर टेम्पो जातो. तेवढ्यात हे दारात आले. गादी, शालू, पोहे, साहेबरावभाऊ, सगळं पाहून जागच्या जागी थिजले. मी यांच्याकडं पाहिलं. यांनी मान हलवली, सांगू नको म्हणून. मी खोटं बोलायला तोंड उघडलंसुद्धा!

पण हेच पुढं आले अन् आत्याबाईंच्या पायाशी बसले. "माय, हे पाव्हणं न्हाईत. माझ्यावर कर्ज झालंय. सोमवारी टेम्पो चालला आपला."

"किती?" आत्याबाईंनी विचारलं.

"तीन लाख ऐंशी हजार."

"साहेबरावाला माहीत. या पाव्हण्याला माहीत. सुनेला माहीत. अन् माय तेवढी परकी?"

"तू रडशील म्हणून, माय..."

"रडंन की! रडायला काय हप्ता लागतो का?"

अन् खरंच रडल्या. मोठ्यानं, पदर तोंडाला लावून. हेही रडले. मीही रडले, अन् या वेळी भाकरीबिकरी काही न्हाई, नुसतीच रडले. मंग आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले अन् सरांच्या पुढं सरकल्या.

"लिवा. दोन एकर. तेबी कोरडवाहू. मोसंबीचं एक झाड हाय, तेबी वाळून राह्यलं. सोनं म्हणाल तर सुनंच्या गळ्यातले चार मणी, बाकी समदं खोटं. टेम्पो एक. अन् पोरगा..." त्या थांबल्या. "पोरगा येडा हाय, पण चोर न्हाई. लिवता येतं का हे?"

"त्याला रकाना नाही मावशी," अंगद सर म्हणाले, "पण मी सांगीन त्यांना."

आता राहिले साहेबरावभाऊ. ते मिशीला पीळ देत म्हणाले, "माझं महिन्याला हजार-हजार दिलं तरी चालंल. पण ते डायवरचं पहिले खोडा!" सरांनी त्यांच्या डोळ्यांदेखत दोन आडव्या रेघा मारल्या, तेव्हा कुठं भाऊंनी चहा घेतला.

सोमवारी दिवसभर आमचा जीव टांगणीला. संध्याकाळी सरांचा फोन आला. सगळे घेणेकरी कबूल झाले! महिन्याला एकच हप्ता, नऊ हजार दोनशे, चार वर्षं. नवीन कर्ज बिलकुल काढायचं न्हाई. टेम्पो अंगणातच राहिला. मी नारळ बोलले होते, तो फोडायला पुढच्या रविवारी राजूरच्या गणपतीला गेल्ते.

परत आले तर खाटेवर दोन माणसं. एक पन्नाशीचे, मांडीवर फाईल. शेजारी एक पोरगा, खाली मान घालून. गादी न्हाई, पोहे न्हाई, नणंद आत जुन्या ड्रेसवर भांडी घासून राह्यली. अन् ठिगळाची साडी नेसलेल्या आत्याबाई बोटांवर मोजून सांगून राह्यलेल्या, "पतसंस्थेचं साठ हजार, मोबाईलवाल्यांचं येगळं, साहेबरावाचं चाळीस. अंगद सरांना समदं खरं सांगितलंय, म्या आता कायबी लपवत न्हाई साहेब! अन् तुम्ही लिऊन का न्हाई राह्यले?"

"आत्याबाई! हे कोण?"

"तुझ्या त्या केंद्रातले न्हाईत का? फाईल हाय ना हातात!"

फाईलमध्ये पोराचा बायोडाटा होता! चतुराबाईनं धाडलेलं धावड्याचं स्थळ! आत नणंदेच्या हातातली परात पडली अन् तिचा हुंदका बाहेरपर्यंत ऐकू आला. आत्याबाईंचा चेहरा पांढराफटक. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. टेम्पो वाचवला अन् पोरीचं लग्न मोडलं मी!

पोराच्या बापानं कप खाली ठेवला. फाईल बंद केली. पोराकडं पाहिलं. पोरगा पायाच्या अंगठ्याकडं पाहून राह्यला.

"बाई," ते आत्याबाईंना म्हणाले, "आम्ही येताना वीस एकर सांगायचं ठरवून आल्तो."

मंग त्यांनी खिशातून पेन काढला, फाईल उलटी केली अन् हळूच मला विचारलं, "ताई, ते अंगद सर कोणत्या वारी बसतात?"

लग्न जमलंय. तारीख मात्र भटजीला विचारून उपयोग न्हाई, कारण दोन्हीकडचे हप्ते अंगद सरांकडं आहेत. ते हो म्हणतील तेव्हाच बस्ता बांधायचा, अन् तोही रोखीनं. अन् आमच्या घरात डोकं कोणाकडं आहे, हा विषय मी सध्या काढत न्हाई.