पाराभाऊंच्या पोटावरची सहा अंडी

“माणूस म्हणजे चालतीबोलती शेगडी! कळलं?” पाराभाऊंनी स्वतःच्या पोटावर चापट मारून जाहीर केलं. “वीज गेली म्हणून रडायचं कशाला? आण ती अंडी इकडे!”

पाराभाऊ हीटर-गिझरच्या दुकानात विक्रेते. ताप, उकाडा, चहा, बायकोचा राग, सगळं अंशांत मोजायचे, म्हणून हे नाव पडलं. पण आज बायको मोजमापाच्या पलीकडे गेली होती. तिची लाडकी बदकीण कुत्र्याने नेली. मागे राहिलेली सहा अंडी तिने बल्ब लावलेल्या पेटीत ठेवून जिवापाड जपली. आज सकाळी अंड्यांच्या आतून टकटक ऐकू आली, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली! पेटी गार पडायला लागली.

“मीच घेते ना कुशीत,” ती डोळे पुसत म्हणाली.

“तू? तुझे हात म्हणजे बर्फाचे गोळे! अगं, उष्णता गरमाकडून गाराकडे जाते. तू अंड्यांना ऊब देणार, की अंडी तुला?”

लेकीकडे आलेल्या सासूबाईंनी कधी नव्हे ती जावयाच्या बोलण्यावर मान डोलावली. झालं! पाराभाऊंनी दुकानात फोन केला, “साहेब, ताप आहे, येत नाही,” आणि पलंगावर उताणे पडले. उघड्या पोटावर मफलरचं घरटं, घरट्यात अंडी, वर दोन जाडजूड रजया.

“वा! नुसतं पडून राहायचं! याच्यासाठीच तर जन्म आपला!”

जरा वेळाने जन्माचं सार्थक घामाच्या धारांनी वाहून जायला लागलं.

“अहो, किती हा घाम!”

“येणारच! शरीर हुशार असतं. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो.”

“घेऊन जातो?” सासूबाई ताडकन उठल्या. “म्हणजे अंडी गार पडणार की हो!”

हा मुद्दा शेगडीच्या लक्षातच आला नव्हता!

सासूबाई टॉवेल घेऊन सरसावल्या. पुसायला रजई उचलली, तसा वारा आत घुसला, ओलं पोट गारठलं. “झाका! झाका!” झाकलं की घाम. घाम आला की पुसा. पुसायला उघडलं की हुडहुडी!

“अहो, थरथरू नका, अंडी एकमेकांवर आपटतायत!”

“मी नाही थरथरत! शरीर थरथरतंय! ऊब तयार करतंय ते!”

“मग त्याला म्हणावं, हळू तयार कर!”

एवढ्यात बेल वाजली. दारात साहेब! पाराभाऊंच्या तापावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. चोर पकडायच्या थाटात ते आत शिरले आणि उंबऱ्यातच थिजले. पाराभाऊ टोमॅटोसारखे लाल, दात कडकड वाजतायत, बायको कपाळ पुसतेय, आणि सासूबाई जावयाच्या पोटाला कान लावून बसल्यात.

“अरे देवा! एवढं आजारपण?” साहेबांचा आवाज चिरकला. “डॉक्टर?”

“श्श!” सासूबाई खेकसल्या. “आतला आवाज ऐकू देत नाहीत मेले!”

साहेबांनीही कान टेकवला. पोटातून चिवचिव आली! ते चार पावलं मागे उडाले. “अहो, हे... हे बोलतंय!”

“साहेब, हसवू नका हो,” पाराभाऊ काकुळतीला आले. “पोट हललं तर सगळी फुटतील!”

नाइलाजाने सगळा प्रकार सांगावा लागला. साहेब आता ओरडणार, इतक्यात सासूबाई पुटपुटल्या, “थांबली गं. टकटक थांबली.”

बायकोच्या डोळ्यांना धार लागली. पाराभाऊंनी श्वास रोखला. नोकरी गेली तर जाऊ दे, पण हिची पिल्लं! साहेबही ओरडायचं विसरले, गुडघे टेकून रजईत डोकं खुपसून पाहू लागले.

टक्!

कवच तडकलं. एक ओलं, चिकट डोकं बाहेर आलं आणि साहेबांच्या नाकासमोर डोळे मिचकावत राहिलं. मग दुसरं. मग एकापाठोपाठ एक, सगळी सहा!

बायको हसत होती की रडत होती, कळेना. तिने नवऱ्याच्या घामट डोक्याला मिठीच मारली. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. “शेगडी चांगली आहे हो आमची,” त्या म्हणाल्या, आणि पाराभाऊ इतका वेळ दाबून धरलेली शिंक एकदाचे मोकळेपणाने शिंकले.

“ताप खरा धरतो,” साहेब गहिवरून म्हणाले. “रजा मंजूर!”

दुकान विसरून ते दुपारभर पलंगाशीच बसले. बोटाने पिल्लं गोंजारली, चहावर चहा झाले. पिल्लं वाळली, पिवळीधमक फुलली, तुरुतुरु चालायला लागली. मग साहेब समाधानाने उठले, बूट घातले आणि दाराकडे निघाले.

सहाही पिल्लं रांगेने त्यांच्या मागे निघाली.

बायकोने उचलून परत आणली. पिल्लांनी घर डोक्यावर घेतलं. “डोळे उघडताच जो पहिला दिसतो, तीच त्यांची आई!” सासूबाई म्हणाल्या. साहेब परत येऊन बसले, पिल्लं गप्प झाली. साहेब उठले, पिल्लं ओरडली.

संध्याकाळी साहेबांच्या घरून त्यांची उशी आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आला.