बघू म्हणजे कधी

रविवारी दुपारी चहा झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते हे, की मी खुर्चीत बसून मालक झालो आणि बायकोनं माझ्यापुढं उभं राहून कम्प्युटरचं टूल मागितलं. महिनाभर रोज हीच तालीम चालली होती.

माझी बायको महादेवी, चादरीच्या कारखान्यात ऑफिसला होती. मी तिथंच मागावर जन्म काढला, सातवी नापास. तिनं मला समजावलं ते असं. कारखान्याची सगळी माहिती कम्प्युटरात असते, पण त्याला नीट विचारावं लागतं. त्या विचारण्याला क्वेरी म्हणायचं. ती सगळी हातानं लिहायची, एक टिंब चुकलं की काम अडलं आणि घरी यायला उशीर. विकतचं टूल चुकीवर बोट ठेवून दाखवतं. मालक म्हणायचे, फुकटातलं हाय की, त्यात भागवा.

ही क्वेरी घरातही शिरली. नुसतं भाजी आणा, असं ती कधी म्हणाली नाही. मेथी, दोन जुड्या, कवळी, अकराच्या आत. मी शेपू आणला तर माझ्यावर नाही, स्वतःवर चिडायची. मेथी नसंल तर काय, हे विचारण्यात राहिलं म्हणायची. पोट दुखतंय म्हटलं की कुठं, कवापासून, काय खाल्लं. औषध मागनं.

मालक होणंही सोपं नव्हतं. मी लवकर 'घ्या' म्हटलं की तिची माहेरची कानडी बाहेर यायची. "हंगल्ला." म्हणजे असं न्हाय. मालक बघू म्हणतात, तुमी बघू म्हणा. मी बघू म्हटलं की पदर खोचून पुढं यायची, "बघू म्हणजे कधी? वार सांगा."

त्या रविवारी मी मालकाचं सोडून माझंच विचारलं. "दोन महिन्यांनी तू रिटायर. तुला कशाला पायजे ते?"

कप उचलता उचलता ती थांबली. "माझ्या जागी शबाना बसणार. तिचं लेकरू अजून अंगावर पितंय. आपली सुमी लहान होती तवा मी कधी ती जागी असताना घरी आले? पण हे मालकास्नी सांगायचं न्हाय. त्यांना आपलं ठरलेलं, मागावरच्या धोट्याचंच सांगायचं."

पहाटे हाक मारली तर उठली नाही.

सकाळी घर माणसांनी भरलं. सुमी पुण्याहून निघाली होती, ती येईतो थांबायचं होतं. मालकांनी महादेवीला त्याच दिवशी, सोमवारी दहाचा टाइम दिला होता. मी सदरा बदलला. मेव्हणा म्हणाला, दाजी, कुटं? आलोच म्हटलं.

कारखान्यात मला बघून मालक उठून उभे राहिले. "काका, तुम्ही कशाला आलात? मीच निघालो होतो."

"दहाचा टाइम तिचा हाय," मी म्हटलं. "मागावर माझा धोटा तुटला की तुमचे वडील नवा देत होते. माझा पगार त्यात कापला न्हाय. हिचा धोटा म्हणजे ते टूल. द्या."

शबाना दारात रडत उभी होती. तिच्या लेकराचं मी काही काढलं नाही.

मालकांनी डोळे पुसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बघू, काका."

मी खुर्ची ओढली आणि बसलो.

"बघू म्हणजे कधी? वार सांगा."