सिस्टरांची सुटीची घंटा

आमच्या धुळ्याच्या कॉन्व्हेंट शाळेत सुटीची घंटा घड्याळ बघून होत नाही. दिवसभरात ज्यांचं भांडण झालं त्यांचं मिटलं, की होते. हा नियम आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर आग्नेस यांचा. "राग घेऊन कोणी घरी जायचं नाही," म्हणत, घंटेचा हातोडा हातात धरून त्या वर्गावर्गात विचारत फिरतात, "मिटलं का?" बाहेर शिंदखेडा रस्त्याची शाळेची बस हॉर्न देत असते. मी गणिताचा शिक्षक, त्याच बसने घरी जातो, म्हणून माझी तक्रार.

नाताळच्या नाटकात मरिया कोणी व्हायचं यावरून सहावीतल्या दोघी भांडल्या, तेव्हा अख्खी शाळा ताटकळली. शेवटी एक मरिया झाली, दुसरी देवदूत, तीही रडतच.

शिक्षकांनाही सूट नाही. मागे बीजगणितासाठी मी राजपूत सरांचा खेळाचा तास घेतला आणि आमची जुंपली. संध्याकाळी दातओठ खात मी "सॉरी" म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, "ही माफी नाही चालणार, सर. परत."

बसचा ड्रायव्हर दगाभाऊ खिडकीतून म्हणाला, "मांगी ल्या ना माफी, सर. पोरेसना मायबाप वाट दखी ऱ्हायनात."

मागितली. काय करता?

परवा मात्र कमाल झाली. दोन पोरांचं मिटायला इतका वेळ लागला, की दगाभाऊ वैतागून व्हरांड्यात आला. "बठ्ठास्ले इचारतस. सिस्टर, तुमनं मिटनं का?"

सिस्टर सगळ्यांना विचारतात, म्हणून तो आपला गंमत करत होता. सिस्टरांनी हातोडा कठड्यावर ठेवला.

"नाही मिटलं," त्या म्हणाल्या. "आई गेली तेव्हा इथं दहावीची परीक्षा होती. केंद्र सोडून मला वसईला वेळेत पोचता आलं नाही. तेव्हापासून भाऊ बोलत नाही. आज आईचं वर्ष. घरी तिच्यासाठी मिस्साची प्रार्थना आहे, मला बोलावलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आज घंटा तुम्ही द्या, सर. मला हक्क नाही."

मला हातोडा उचलवेना. दगाभाऊ गेला, त्याने बसचं इंजिन बंद केलं आणि परत आला.

"लावा फोन, सिस्टर. गाडी उभी शे."

त्यांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. त्यांनी पुन्हा लावला. मुलं ओळीत उभी होती. त्या न पाहिलेल्या भावाचा मला असा काही संताप आला, आणि त्या रागाची माफी मी कोणाच्या बापाकडे मागणार नव्हतो.