मोटारीचा खांदा

“पोटातलं पाणी हाललं नाही पाहिजे, बस! मंग पोरगी तुमची,” असं म्हणत बाळापूरच्या केशवरावांनी काठोकाठ भरलेला पितळी तांब्या मांडीवर घेतला आणि ते मोटारीच्या मागच्या बाकावर बसले. शेजारी त्यांच्या कौशल्याबाई.

वलगावच्या खुशालरावांनी हसून मान डोलावली खरी, पण पोटातलं पाणी हाललं ते त्यांचंच. केशवरावांची जमुना आपल्या पोराला, सहदेवला, मिळावी म्हणून त्यांनी वर्षभर देव पाण्यात घातले होते. पोरगी गुणाची, घराणं नावाचं. पण केशवरावांचा धाकटा भाऊ मागच्या उन्हाळ्यात कोणाच्याशा मोटारीतून थेट नाल्यात पडला होता, आणि तेव्हापासून केशवरावांचं एकच म्हणणं: मोटारवाल्या घरात पोरगी द्यायची, तर आधी हाकणारा पाहीन, मग नवरदेव. चिखलदऱ्याचा घाट चढून उतरून दाखवा!

तशी हाकण्याची खुशालरावांना भीती नव्हती. मोटार यायच्या आधी त्यांच्या दमणीच्या बैलांमागे अख्ख्या वऱ्हाडाने धूळ खाल्ली होती. वेगाचं वेड अंगातच होतं. पण गाव आलं, माणूस दिसला, शेरडू आडवं आलं, की त्यांची गाडी लगेच गोगलगाय व्हायची. “रस्ता काय आपल्या बापाचा हाय?” असं ते म्हणायचे. मोटार आल्यावरही तीच रीत. मोकळ्या सडकेवर वारा, आणि वस्तीत सासुरवाशीण.

काळजी होती ती एवढीच, की मोटार ऐन वेळेला रुसू नये. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी ते तिच्या काचा पुसत बसले होते. त्यांच्या मैनाबाई तेव्हा बैलांची खांदमळणी उरकून आल्या. वर्षभर जू वाहून सोललेल्या खांद्यांना कोमट तूप-हळद चोळायची, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या” म्हणायचं, ही घरची रीत. वाटीत तूप उरलं होतं.

“अवो, मोटारीचा खांदा कुठी असते?” त्यांनी विचारलं होतं.

“जिथं वझं पडते अन् जिथं घासते, तिथं!” खुशालराव हसून म्हणाले होते आणि पुन्हा काच पुसू लागले होते.

पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी ही परीक्षा. परतवाड्यापर्यंत सडक सरळ. ब्रेक जरा मऊ लागत होता, पण खुशालराव मुळात ब्रेकचे मिंधे नव्हते. पुढे बैलगाडी दिसली की ते दुरूनच मोटार हळू करायचे, भोंगा हलकेच वाजवायचे, आणि गाडीवानाने वाट दिली की हात जोडायचे. केशवराव डोळे वटारून तांब्याकडे बघत होते. एक थेंबही सांडला नव्हता.

मग घाट लागला. खालचं वऱ्हाड हिरव्या गोधडीसारखं पसरलेलं, कड्यावरून पाणी कोसळतंय, आणि ढग चक्क सडकेवर उतरून बसलेले. “माय वं! आपण ढगाच्याही वर आलो!” कौशल्याबाई पुटपुटल्या. खुशालरावांच्याही अंगावर काटा आला. एवढ्या मोठ्या पहाडापुढं माणूस तो केवढासा!

उतरताना पहिलंच वळण आलं. खुशालरावांनी ब्रेकवर पाय दाबला. पाय पार खाली गेला, पण मोटार थांबायचं नाव घेईना. त्यांनी हाताचा ब्रेक ओढला. तोही पाहुण्यासारखा नुसता आला आणि गेला.

“काय झालं?” मागून केशवराव.

“काई नाही जी! हवा पाहून राहिलो!”

त्यांनी दात आवळून पहिला गिअर टाकला. इंजिन रेड्यासारखं हंबरलं, पण मोटारीची चाल आवरली. आता तिला दरीकडं झुकू द्यायचं नाही, पहाडाचं अंग सोडायचं नाही, आणि वळणाआधी भोंगा वाजवायचा. चक्र धरून धरून खांदे भरून आले. ढगातून एकेक वळण असं पुढ्यात उभं राहत होतं, की खुशालराव मनातल्या मनात बहिरमबुवाला नारळ बोलत होते.

समोरून मोळीवाल्या बाया आल्या. थांबता तर येत नव्हतं! खुशालराव लांबूनच ओरडले, “राम राम वो मायबाई! पहाडाकडं व्हा, जपून! घाई नाही, घाई नाही!”

बाया हसत बाजूला झाल्या. केशवराव थक्क झाले. “बापा! एवढ्या उतारावरही माणसाले राम राम करते हा माणूस!”

तेवढ्यात घाटभर एक वास दरवळला. केशवरावांनी नाक वर केलं. “इथं जंगलात शिरा कोण भाजून राहिलं?”

कौशल्याबाईंनी चाकाकडे वाकून पाहिलं आणि पदर नाकाला लावला.

शेवटच्या उतारावर मात्र ढग फाटला आणि समोर अख्खी सडक भरून गुरं! कालच्या पोळ्याची रंगवलेली शिंगं, गळ्यात बेगडाच्या माळा. गुराख्याने हात वर केले. एका बाजूला दरी, एका बाजूला पहाड. खुशालरावांनी क्षणभरही विचार केला नाही. “काल ज्यायले पुजलं, त्यायले आज धडकू काय!” असं म्हणत त्यांनी मोटार पहाडाकडच्या चिखलाच्या नालीत घातली. चाकं रुतली, आणि मोटार बांबूच्या बेटाला नाक लावून अलगद उभी राहिली. गुरं घंटा वाजवत निवांत निघून गेली.

खुशालराव खाली उतरले. चाकाच्या ब्रेकपट्ट्यावर करपलेलं तूप होतं, आणि त्यावर पिवळीजर्द हळद. त्यांना दरदरून घाम फुटला. गुराख्याच्या बैलजोडीने मोटार ओढून काढली, तोवर तूप पार जळून गेलं होतं आणि ब्रेक पुन्हा धरू लागला होता.

“कमाल केली, बुवा!” केशवराव म्हणाले. “ब्रेकले हात न लावता घाट उतरवला!” खुशालरावांनी चाकाकडं पाठ केली आणि मोटार वलगावच्या वाटेला लावली.

घरी मैनाबाई दारातच आरती घेऊन उभ्या. “आले का सुखरूप? येणारच! म्या परवाच मोटारीची खांदमळणी केली. चाकाले तो पट्टा करकचून आवळते ना, तिथंच तिचं जू. बिचारी किती घासली असंन! चांगलं जिरवून जिरवून तूप चोळलं.”

केशवराव जागच्या जागी ताठले. “म्हणजे ब्रेक नव्हता? मरत होतो की आमी! नाही, नाही, हे लग्न नाही!”

खुशालरावांनी मान खाली घातली. “बरोबर हाय तुमचं, पाव्हणे. तपासून निंघालो असतो त—”

“थांबा जी,” कौशल्याबाई म्हणाल्या. “मले दुसऱ्याच वळणाले समजलं होतं. तूप जळल्याचा वास बाईले नाही समजणार त कोणाले? पण हाकणाऱ्याले कावून घाबरवा? तुमीच म्हणत होते ना, हाकणारा पाहा म्हणून? ब्रेक गेल्यावरही यायनं गुराले वाट देली. अजून काय पाह्याचं राहिलं?”

“पण अट? पाणी—”

कौशल्याबाईंनी त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि पालथा केला. ठणठणीत कोरडा! “सांडाले राहिलंच कुठी? पहिल्याच वळणावर गटागटा पेले तुमी!”

केशवराव मिशीला पीळ देत छपराकडे पाहू लागले. कौशल्याबाई मैनाबाईंकडे वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “जिले लोखंडाचा खांदा दुखंन असं वाटते, तिच्या घरी माही जमुना थकली त तिचा खांदा कोणी पाहीनच. काहो ईनबाई?”

‘ईनबाई’ ऐकलं आणि मैनाबाईंनी हातातली आरती आधी कौशल्याबाईंनाच ओवाळली. खुशालराव तर तिथंच ओट्यावर बसले.

पाहुणे जेवून आडवे झाले. खुशालराव ओट्यावर खांदे दाबत कण्हत होते. मैनाबाई कोमट तूप-हळदीची वाटी घेऊन आल्या आणि त्यांची बंडी मागून खाली ओढली.

“अवं, हे काय करून राहिली?”

“चूप बसा. मोटारीचा खांदा कुठी असते, थे आज समजलं मले,” मैनाबाई म्हणाल्या आणि चोळू लागल्या.