रिकाम्या घराची नऊ युनिटं

घरोघरचे विजेचे मीटर वाचणारे रीडिंगकाका कचेरीत आले तेव्हा त्यांच्या टेबलावर एक चिठ्ठी पडली होती. तांबड्या शाईत दोनच शब्द: ‘समक्ष भेटावे.’ खाली नव्या मॅडमची सही. वीज कचेरीत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ समजवावा लागत नाही. साधं काम असेल तर साहेबलोक हाक मारतात. ‘समक्ष भेटावे’ आलं की काहीतरी शेकणार हे नक्की.

मॅडमनी एक फाईल पुढे सरकवली. वरचा पत्ता वाचला आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते घड्याळवाल्याचं घर होतं.

घड्याळवाला म्हणजे खालच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करणारा आणि वरची खोली भाड्याने देणारा एक हळू आवाजाचा, नीटनेटका माणूस. त्याच्याकडे एकामागून एक पाच भाडेकरू राहायला आले आणि एकही परत गेला नाही. सहा वर्षांपूर्वी पोलिसांनी परसातली जमीन खणली तेव्हा ते पाचही सापडले. घड्याळवाला पंधरा दिवसांतच कोठडीत हृदय बंद पडून मेला आणि घराला कुलूप लागलं. त्याच्या हयातीत काका दर महिन्याला त्या घरात जात. तो त्यांना पाणी देई आणि मीटरवर बॅटरी धरी. ते पाणी आठवलं की काकांना अजून उचकी लागायची.

“हे घर सहा वर्षं बंद आहे ना?” मॅडमनी विचारलं.

“हो मॅडम. भलंमोठं कुलूप आहे.”

“मग वीज कोण वापरतं? थंडीत सहा युनिट, एरवी नऊ, ऐन उन्हाळ्यात सतरा.”

“उन्हाळ्यात वापर वाढतोच मॅडम,” काका सवयीने बोलून गेले.

“कुणाचा?”

काका फाईलीचं पान उलटू लागले.

“त्याची बहीण घर विकायला बघतेय. घेणारा म्हणतो, आत कोण आहे ते आधी सांगा. उद्या अकराला ती किल्ली घेऊन येतेय. तुम्ही आत जाऊन रीडिंग घ्यायचं, तिची सही आणायची. वहीतला आकडा मीटरशी जुळला पाहिजे. घरबसल्या आकडे लिहिणारे दोघं मागच्या महिन्यात कायमचे घरी बसले, माहितीये ना?”

काकांना चांगलंच माहीत होतं. त्यातल्या एकाच्या निरोपाचं भाषण त्यांनीच केलं होतं.

आता खरं काय ते सांगायला हवं. कुलूप लागल्यापासून काकांनी त्या घराच्या फाटकाला हातसुद्धा लावला नव्हता. दर महिन्याला घरी चहा पिताना ते घड्याळवाल्याचा आकडा मनाने लिहीत. ‘घर बंद’ असा शेरा मारला तर कचेरी तपासणीला पाठवणार, आणि पाठवणार ते काकांनाच. शून्य लिहिलं तर मीटर बिघडला म्हणून पाठवणार, तेही काकांनाच. म्हणून थोडंथोडं लिहायचं. पण काका कलावंत माणूस. दरवेळी तोच आकडा लिहिला तर संशय येईल, म्हणून ते उन्हाळ्यात पंखा धरीत, थंडीत पंखा काढून टाकीत. बाकीच्या चारशे घरांचं रीडिंग ते इमानाने घेत. हे एकच घर त्यांनी रचलं होतं, आणि फार मन लावून रचलं होतं.

“आता काय करणार?” घरी बायकोने विचारलं. तिला सगळं माहीत होतं. कित्येकदा आकडा तिनेच सुचवला होता.

“मीटर सहा वर्षं जागचा हलला नसणार. चांगली सातशे युनिटं कमी भरणार. नोकरी गेली समज.”

“आणि आत खरंच कोणी असलं तर?”

“असलं तर मीटर फिरलेला असेल. नोकरी राहील.”

“आणि तुम्ही?”

भूत असलं तर जीव जाणार, नसलं तर नोकरी. त्या रात्री देवाकडे काय मागावं हेच काकांना कळेना, म्हणून ते नुसतेच हात जोडून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी काका दहालाच गल्लीत पोहोचले. स्वच्छ ऊन पडलं होतं, तरी घड्याळवाल्याच्या दारापुढची फरशी ओली वाटत होती. शेजारच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहत. त्या कुंड्यांना पाणी घालत होत्या.

“आत जाताय?” त्यांनी झारी खाली ठेवली. “एकटे?”

“त्यांची बहीण येतेय. का हो? काही... जाणवतं का?”

“जाणवतं? अहो, उन्हाळ्यात आत पंखा फिरतो. मी कानांनी ऐकलाय. पेपरवाल्याने वरच्या खिडकीत उजेड पाहिला. थंडीत मात्र सगळं चिडीचूप. त्यालाही थंडी वाजत असेल.”

पंखा, उजेड, थंडीत चिडीचूप. हा हिशोब काकांना कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला.

“हे सगळं कधीपासून सुरू झालं?”

“पहिलं बिल आलं तेव्हापासून! तुम्ही ते लांबूनच फाटकाकडे भिरकावता ना, ते वाऱ्याने आमच्या दारात आलं. वाचते तर नऊ युनिट! मी म्हटलं, बंद घरात नऊ युनिट कोण जाळतंय? मग मी कान देऊन ऐकायला लागले. आणि ऐकायला यायला लागलं.”

काका फाटकाला टेकून उभे राहिले. सहा वर्षं ज्या भुताच्या भीतीने ते घरात शिरले नव्हते, ते भूत त्यांनीच चहा पिता पिता तयार केलं होतं. त्याला पंखा त्यांनी दिला, उजेड त्यांनी दिला, थंडीही त्यांनीच वाजवली. म्हणजे आत कोणी नव्हतं! काकांचा जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच. आत कोणी नसेल तर मीटरही हललेला नसणार. म्हणजे आता उरली होती ती फक्त नोकरी जाण्याची भीती. निदान ती भीती ओळखीची होती. अठरा वर्षांची नोकरी, पदरात धाकट्या मुलीचं शिक्षण, आणि या वयात दुसरं काम देणार कोण?

अकराच्या ठोक्याला घड्याळवाल्याची बहीण आली. साठीची, बारीक चणीची, भावासारखीच हळू बोलणारी. तिने कुलूप उघडलं. सहा वर्षांचं कुलूप, पण एका हिसक्यात उघडलं. काकांना ते आवडलं नाही.

“ताई, आत वीज चालू आहे का?”

“कशी असेल? त्याला नेलं त्या दिवशी मीच फ्यूज काढून नेले.” तिने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून सोडली. आत चिनी मातीचे दोन फ्यूज होते. “तेव्हापासून माझ्याकडेच आहेत. का कोण जाणे, टाकवले नाहीत.”

फ्यूज नाहीत म्हणजे वीज नाही. वीज नाही म्हणजे मीटर मेलेला. काकांनी मनातल्या मनात राजीनाम्याची पहिली ओळ जुळवायला घेतली आणि ते तिच्या मागोमाग आत शिरले.

आत तेलाचा आणि जुन्या पितळेचा वास होता. भिंतीवर ओळीने घड्याळं लटकत होती, सगळी बंद पडलेली. आश्चर्य म्हणजे सगळी एकाच वेळेला बंद पडली होती. टेबलावर बारीक स्क्रू आकाराप्रमाणे लावून ठेवले होते. सगळीकडे बोटभर धूळ होती. फक्त टेबलापासून जिन्याखालच्या मीटरपर्यंत एक हातभर रुंद पट्टा स्वच्छ होता.

“उंदीर असतील,” काका स्वतःशीच म्हणाले. हातभर रुंद उंदीर त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

“माझा भाऊ वाईट नव्हता हो,” बहीण खिडकी उघडत म्हणाली. खुनी माणसाच्या बहिणीला हे म्हणावंच लागतं, म्हणून काकांनी मान डोलावली. “चिडायचा तो एकाच गोष्टीवर. वरच्या खोलीला त्याने वेगळा मीटर लावला होता. भाडेकरूने रोज त्याचा आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा, एवढाच नियम. पण पोरं आळशी. मीटर न बघताच काहीतरी अंदाजे लिहायची.”

“अंदाजे?” काकांचा आवाज चिरकला.

“पाचही जण. मला म्हणाला होता, आकडा खोटा सांगणारा माणूस जगतो तरी कशाला? मी आपलं हसण्यावारी नेलं.” तिने डोळे पुसले. “तुम्ही घ्या रीडिंग. माझा चष्मा घरी राहिलाय, मला काही दिसायचं नाही.”

काकांनी मागे वळून पाहिलं. पळून जावं तर दार लांब होतं आणि नोकरी जवळ होती. त्या स्वच्छ पट्ट्यावर पाय पडू नये म्हणून ते धुळीतून कडेकडेने मीटरपाशी गेले. त्यांनी बॅटरी लावली. पूर्वी ही बॅटरी तो धरायचा. काकांनी डोळे मिटले, मनात बायकोचं नाव घेतलं आणि डोळे उघडले.

मीटरवर ४३८६ हा आकडा होता.

त्यांनी वही उघडली. मागच्या महिन्याचा, चहा पिताना लिहिलेला आकडा: ४३८६.

काकांनी काच पुसली. वही पुसली. चष्मा पुसला. आकडा तोच. सातशे युनिटांची सगळी थाप मीटरने एकूण एक खरी करून ठेवली होती. नोकरी वाचली होती. ओरडून नाचावं असा तो क्षण, पण काका पुन्हा एकदा काच पुसू लागले.

बॅटरीचा उजेड शेजारच्या भिंतीवर गेला. तिथे पेन्सिलने बारीक, रेखीव अक्षरात आकड्यांची एक ओळ खाली उतरत गेली होती. वरचे आकडे जुने, घड्याळवाल्याच्या हयातीतले. पण ओळ तिथे थांबली नव्हती. त्याच अक्षरात, महिन्यामागून महिना, गेल्या सहा वर्षांचे आकडे होते. नऊ. नऊ. सहा. चौदा. सतरा. दोन वर्षांपूर्वी काकांनी चुकून चौदाच्या जागी एक्केचाळीस लिहून तो आकडा खोडला होता. भिंतीवरही एक्केचाळीस लिहून खोडलं होतं. रेघसुद्धा तशीच तिरकी.

त्यांच्या घरच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी मारलेली रेघ.

सर्वांत खाली आजची तारीख होती. तिच्यापुढे आकडा नव्हता. दोनच शब्द होते.

‘समक्ष भेटावे.’

“किती आलं हो?” मागून बहिणीने विचारलं.

“च... चार हजार तीनशे शहाऐंशी.”

“बरोबर आहे का?”

“तंतोतंत,” काका म्हणाले आणि तिथेच, त्या स्वच्छ पट्ट्यावर, मटकन बसले.

कचेरीत मॅडमनी सही पाहिली, आकडे ताडून पाहिले आणि पहिल्यांदाच हसल्या. “मला तुमच्यावरच संशय होता, काका. माफ करा. जुना मीटर आपोआप सरकत असणार. नवीन बसवून घेते. अख्ख्या विभागात एका युनिटाचीही चूक नसलेलं हे एकच रीडिंग!”

काकांना सांगायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. त्या घरात कोणीतरी आहे हे छातीठोकपणे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता. पण ते सांगायचं तर आधी सहा वर्षांच्या थापा कबूल कराव्या लागणार होत्या. काकांनी तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. पाणी आलं तेव्हा ते त्यांच्याच्याने प्यायलं गेलं नाही.

“घर विकलं जाईपर्यंत दर महिन्याच्या रीडिंगसाठी बहिणीने किल्ली इथेच ठेवलीय,” मॅडम म्हणाल्या. “म्हणाल्या, काकांनाच द्या, फार प्रामाणिक माणूस आहे.”

नवीन मीटर बसला. तेव्हापासून त्या घराचं रीडिंग शून्य येतं. बिलावर शून्य बघितल्यापासून शेजारच्या शिक्षिकेला पंखा ऐकू येत नाही आणि पेपरवाल्याला उजेड दिसत नाही. भूत गेलं म्हणून गल्ली निर्धास्त झाली आहे. घरी चहा पिताना बायको अजूनही सवयीने विचारते, “या महिन्यात त्याला किती देताय?” तेव्हा काका कप खाली ठेवतात आणि टोपी घालून निघतात.

आता ते कुठलाच आकडा बघितल्याशिवाय लिहीत नाहीत. भाजीचं वजनसुद्धा दोनदा बघतात. महिन्याच्या एक तारखेला, अकराच्या ठोक्याला, ते घड्याळवाल्याचं कुलूप उघडतात आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून हळूच विचारतात, “येऊ का?” उत्तर आलं नाही की मगच आत जाऊन आकडा बघतात.

अजून तरी आतून कोणी ‘या’ म्हटलेलं नाही.