प्रकाशभाऊंचे आंधळे प्राणी

प्रकाशभाऊंकडे रविवारी खेळायला जायचं तर फाटकापाशीच चपला हातात घ्याव्या लागतात आणि चवड्यांवर चालत जावं लागतं. पाऊल जोरात पडलं की भाऊ दारातूनच जाहीर करतात, "मेलास तू." त्यांच्या गुहेतला प्राणी म्हणे तळपायांनी ऐकतो.

गैरसमज नको, माणूस शहाणा आहे. जळगावात ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, केळीवाले शेतकरी त्यांचा शब्द मानतात. पण पुण्याचा भाचा दिवाळीत एक खेळ ठेवून गेला आणि भाऊ कामातून गेले. टेबलावर गुहेचा नकाशा, बोराएवढे पण भलत्याच बाजू असलेले फासे. मी जादूगार, आमचे दातांचे डॉक्टर तलवारवाले. भाऊ गोष्ट सांगणार, आणि वाटेत भेटतील ते सगळे राक्षस अन् प्राणीही तेच होणार.

खेळाच्या पुस्तकातल्या प्राण्यांना शिंगं असतात, पंख असतात, विषारी शेपट्या असतात. भाऊंना त्याचं काही नाही. त्यांचा प्रत्येक प्राणी आंधळा. एक आवाज सोडून भिंतीचा अंदाज घेतो, एकाला घाबरलेल्या माणसाचा घाम कळतो. आम्ही कुरकुरलो की भाऊ अमळनेरच्या बोलीत उतरतात. "त्याले दिखत नही, पन बठ्ठं समजस." म्हणजे दिसत नसलं तरी सगळं कळतं.

वर करून दाखवतात. या वयात फरशीवर पालथे पडून कान लावतात. डॉक्टरांनी खुर्चीत नुसता पाय हलवला तर त्यांचा योद्धा गेला. मी एकदा जपून ठेवलेला मंत्र खर्चून अदृश्य झालो, तर भाऊंनी शांतपणे विचारलं, डोक्याला तेल लावलंय ना? संपलो. मला इतका राग आला होता की चहा न घेता घरी आलो.

हे सगळं चालायचं तेव्हा वहिनी आतल्या खोलीत असायच्या. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली. आधी या घरात वहिनींचंच राज्य होतं. गल्लीतलं कुठलंही भांडण त्यांच्या ओट्यावर मिटायचं. नजर गेल्यावर एक शेजारीण त्यांच्या तोंडावर "अरेरे" म्हणाली, आणि त्या दिवसापासून घरात कुणी आलं की वहिनी उठून आत जायच्या. पडद्याआडून बांगड्या वाजायच्या, तेवढ्याच. भाऊ एकदा मला म्हणाले होते, "मला दुसरं काही नको रे. चार माणसांत येऊन बसावी, बस." मी मान हलवली, आणि मनात म्हटलं, मग बायकोजवळ बसायचं सोडून हे फासे कशाला खेळता?

परवाच्या रविवारी भाऊंनी वासावर माग काढणारा प्राणी आणला. आम्ही दोघं एका गावात लपलो. एका घरी कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होती, दुसऱ्या घरी गॅसवर. मी काड्यांच्या धुरात दडून बसलो, डॉक्टर गॅसवाल्या घरातल्या धान्याच्या कणगीत. भाऊंनी फासा टाकला आणि खणखणीत आवाजात निकाल दिला. प्राणी गोंधळला आहे, कारण वांगं काड्यांवर भाजा की गॅसवर, वास एकच.

डॉक्टरांच्या हातातला पेला तसाच राहिला. खानदेशात जन्मलेला माणूस हे बोलतो? मी तर म्हटलं, भाऊ, तब्येत बरी आहे ना. भाऊंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. आमच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते पडद्याकडे बघत होते.

आत बांगड्या वाजल्या. मग पडदा बाजूला झाला आणि भिंतीला हात लावत वहिनी बाहेर आल्या, चांगल्या तावातावानं.

"कोनी सांगं तुमले, दोन्हीसना वास एकच शे म्हनीसन?"

भाऊंनी स्वतःची खुर्ची मागे सरकवली, वहिनींचा हात धरून त्यांना तिथं बसवलं आणि फासा त्यांच्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "मंग तूच हो तो प्राणी. दखाड यासले."

वहिनींनी आम्हाला दाखवलंच. काड्यांचा धूर कपड्यांना कसा धरतो, तो किती वेळ जात नाही, वारा असला तर कुठल्या बोळातून येतो, सगळं सांगत सांगत त्यांनी आधी मला धुरातून बाहेर काढलं, मग डॉक्टरांना कणगीतून. डॉक्टर वाद घालायला लागले तर त्यांना असं झापलं की काय सांगू. गल्लीतल्या जुन्या वहिनी समोर बसल्या होत्या. इतकं आनंदानं मरायला मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

निघताना भाऊ फाटकापर्यंत आले. म्हणाले, "इतके प्राणी आणले. मुद्दाम चुकीचं बोललो, कधी पावलांचं, कधी आवाजाचं. तिला सगळं ऐकू जायचं, पण एका शब्दानं बोलायची नाही." आणि फाटकाची कडी धरून ते तिथंच, भर दुपारी, रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

तेवढ्यात घरातून हाक आली.

"आहो, पुढला रविवारले मी कोन?"