आंतरजालास योग्य उपमा देण्याबाबत

योग्य उपमा सापडल्याखेरीज कोणतीही वस्तू मनुष्यास कळत नाही, हे सत्य सर्वमान्य आहे. (ज्यांना अमान्य होते, त्यांना सभेचे निमंत्रण गेले नव्हते.) म्हणून आमच्या वाचनालयात इंटरनेटची जोडणी झाली, तेव्हा कार्यकारिणीने दूरदृष्टीने ठराव केला की, याचा समाजावर काय परिणाम होतो हे उपमेद्वारे निश्चित होईतो संगणकास कोणीही हात लावू नये.

अकरा सभा झाल्या. बेचाळीस उपमा आल्या. 'जाळे' जवळजवळ संमत झाले होते. परंतु त्यात आपण कोळी की माशी, असा पेच पडला. पदाधिकारी कोळी व वर्गणीदार माश्या, अशी तडजोड चिटणीस या नात्याने मी सुचवली. (वर्गणीदारांनी ती का फेटाळली, हे अद्याप गूढ आहे.) 'अरण्य' चार दिवस टिकले, पण श्वापदे पळावीत म्हणून नियमाप्रमाणे टाळ्या वाजवीत आत शिरणाऱ्यांमुळे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांची झोपमोड होऊ लागली. अखेर 'महासागर' एकमताने मंजूर झाला, व त्यास अनुसरून नियमावली आली: वाचकाच्या कमरेस दोर बांधावा, दुसरे टोक पुस्तकांच्या कपाटास असावे, गाठ पोहण्याच्या निवृत्त मास्तरांनीच मारावी व त्यांनीच सोडावी.

पहिला मान वाचनालयाची पुस्तके बांधणाऱ्या बाइंडरच्या मुलीस मिळाला. तिला परिचारिका विद्यालयाचा प्रवेश-अर्ज भरायचा होता. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. घरात मोबाइल एकच, तोही बटणांचा.

"अध्यक्षकाका, पाच मिनिटांचं काम आहे हो."

"पोरी, बुडायला तरी कितीसा वेळ लागतो?" अध्यक्ष म्हणाले. (इतिवृत्तात हे वाक्य ठळक अक्षरांत आहे.)

मुलीस विधिवत बांधण्यात आले. दोर संगणकापासून दीड हात आखूड पडला. ही चूक नव्हे; नवशिक्याने किनारा सोडू नये, असे कलम चार सांगते. मास्तर गाठ मारून चहास गेले.

साडेचारला बाइंडर पुठ्ठे कापण्याची सुरी घेऊन धावत आला. "मास्तर येईस्तोवर पोर म्हातारी होईल माझी! सरका, दोर कापतो."

"पोहणाऱ्याचा दोर कापतोस? बापच ना तू?" अध्यक्ष दोरापुढे हात पसरून उभे राहिले.

"अहो, फरशीवर उभी आहे ती!"

"तूर्त," अध्यक्ष म्हणाले.

हा प्रसंग एका वर्गणीदाराने मोबाइलवरून थेट जगास दाखवला. त्यात मुलगी ओरडत होती, "अहो, कुणीतरी तुमच्याच मोबाइलवर भरा ना! माझा परीक्षेचा नंबर सांगते, लिहून घ्या!" नंबर तिने तीन वेळा सांगितला. आवाज स्वच्छ ऐकू येत होता, हे आम्ही तपासून घेतले आहे.

पाचाच्या ठोक्यापर्यंत चार हजार दोनशे बारा जणांनी पाहिले, आणि खाली एकाहून एक सरस उपमा लिहिल्या. 'दावणीचे वासरू.' 'नाळ न तुटलेली पिढी.' 'दोर आपल्याच कमरेला आहे, मित्रांनो.' एवढी साहित्यिक जागृती या वाचनालयाने चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. अर्ज तेवढा राहिला.

वाचकहो, पाहणाऱ्यांत आपणही होता. आपल्या उपमेस प्रथम क्रमांक देण्यात येत आहे.